तोंडावरची पट्टी

बस सुरू झाली आणि त्यांनी माझ्या तोंडावर चिकटपट्टी लावली. मुरगळलेल्या घोट्याला लावतात ती, पांढरी. एकीने माझे हात धरले, दुसरीने ओठांवर दाबून बसवली. मग सगळ्या टीमने माझ्यासोबत सेल्फी काढला. कोच मॅडम पुढच्या सीटवरून वळल्या, हसल्या. म्हणाल्या, "रहने दो थोड़ी देर. शांति मिलेगी."

हे जपानमध्ये. सुरतेतल्या मोठ्या शाळेची मुलींची फुटबॉल टीम तिथे खेळायला गेली होती. अशा सहलीने मुली कणखर होतात, परकी संस्कृती समजून घेतात, असं शाळेने पालकांना सांगितलं होतं. मी गोलकीपर. सुरतेतल्याच लिंबायत या कामगार वस्तीतली, खेळाच्या कोट्यातून आलेली एकटीच.

माझा गुन्हा आवाजाचा. आदल्या संध्याकाळी तिथल्या मुलींसोबत जेवताना एकीने माझं नाव विचारलं. मी सांगितलं. अख्खा हॉल वळून बघायला लागला. मॅडम म्हणाल्या, "धीमे बोल! यहाँ सांचा नहीं चल रहा."

सांचा म्हणजे लूम. आमच्या भिंतीपलीकडे ते दिवसरात्र चालतात. पप्पा तिथेच कामाला, कान निम्मे गेलेले. आमच्या घरात मीठ मागायचं तरी ओरडावं लागतं. याच आवाजासाठी मॅडमनी मला गोलमध्ये उभं केलं होतं. मागून ओरडून सगळ्या टीमला हलवायचे मी. मैदानावर तो आवाज चालायचा, ताटापाशी मॅडमना त्याची लाज वाटली. जेवण संपेपर्यंत माझं नावच सांचा पडलं होतं.

कमरेत वाकून जपानी नमस्कार करायला टीममधल्या मुली लगेच शिकल्या. लिंबायतला मात्र त्यांच्यातली एकही कधी आली नव्हती.

पट्टी ओढली तेव्हा ओठाची साल निघाली. टीममधून काढतील म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला पट्टीपेक्षा जास्त किळस आली.

सुरतेला परतल्यावर शाळेत कार्यक्रम झाला. पालक, ट्रस्टी, सगळे. सहलीने मला काय दिलं ते मी स्टेजवर सांगायचं होतं. मॅडम कानाशी येऊन म्हणाल्या, "धीमे. मीठा बोलना."

पप्पा शेवटच्या रांगेत बसले होते, कानामागे हात धरून. हळू बोलले असते तर त्यांना काहीच कळलं नसतं.

मी माईक बाजूला सारला. घरच्या आवाजात सांगितलं. पट्टी, सेल्फी, मॅडमचं हसणं. "बेसी जा!" खाली बस म्हणून मॅडम गुजरातीत ओरडल्या. मी सगळं सांगूनच उतरले. एकानेही टाळी वाजवली नाही.

गेटबाहेर पप्पा आमच्या अहिराणीत म्हणाले, सगळं ऐकू आलं, "आखं ऐकू उनं माले. आते तुले काढी टाकतीन."

काढलंच. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ग्लोव्ह्ज परत मागितले. मी ते टेबलावर ठेवले.

"माफी माँग ले, फिर देखते हैं."

"नाही मागणार."

मराठीत म्हणाले. सगळ्या स्टाफरूमला ऐकू गेलं.

गोलमध्ये आता दुसरी मुलगी उभी राहते. बघवत नाही मला. पण यापुढे माझ्या तोंडाकडे कुणाचा हात आला, तर तो चावल्याशिवाय सोडणार नाही.