इथलाच म्हणवणारा मुकादम

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात मुकादमाला सगळे इथलाच समजत. खरं तर तो खाणींच्या मुलुखातून पोरवयात आलेला. पण इथली बोली त्यानं अशी काही उचलली होती की बायको, सासू, मालक, कुणालाच शंका आली नाही. मागे कुणी नाही असं सांगून लग्नही उरकलं होतं.

एक दिवस क्षयाच्या तपासणीची गाडी कारखान्याच्या दारात आली. नर्सबाई म्हणाल्या, "खाणीकडच्या लोकांत हा आजार इथल्यापेक्षा बराच जास्त सापडतो. तिकडे धूळ, इकडे एकेका खोलीत दहा-दहा जण. म्हणून आधी त्यांच्या छातीचे फोटो काढू."

मुकादमानं हाका मारमारून खाणीकडची माणसं रांगेत उभी केली. "चला, फुकटात फोटो निघतोय, छाती पुढे काढा!" सगळे हसले.

इस्त्रीवरची मावशी त्याच्याच गावची. इतकी वर्षं तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. आज जवळ येऊन गावच्या बोलीत हळूच म्हणाली, "तूही ये की रे. किती दिवस खोकतोयस."

तो दोन पावलं मागे सरला. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मी इथला आहे. तुमच्या लोकांत मला कशाला ओढता?"

मावशी रांगेत जाऊन उभी राहिली.

त्यानंतर तो तिच्या टेबलाकडे फिरकेना. खोकला मात्र पाठ सोडेना. कधी वाफेवर, कधी साबणाच्या पावडरीवर खापर फोडत तो औषधाच्या बाटल्या रिचवत राहिला. संध्याकाळी टीव्ही बघताना सासू त्याच्या शेजारीच बसायची.

काही महिन्यांनी सासूनंच अंथरूण धरलं. ताप, खोकला, अंगाची नुसती काडी झाली. डॉक्टरांनी क्षय सांगितला आणि विचारलं, "घरात आणखी कुणी खोकतंय? कुणी खाणीकडचं आहे?"

"छे! आमच्यात तसलं कुणी नाही," बायको ताडकन म्हणाली. "यांचा खोकला साधाच आहे."

मुकादमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी तिकडचाच," तो म्हणाला. शब्द बाहेर पडले ते गावच्या बोलीत.

घरी आल्यावर बायकोनं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "तिकडचे आहात त्याचं मला काही नाही. पण तपासणी दारात आली असताना लपलात, आणि आईशेजारी बसून खोकत राहिलात?"

दुसऱ्या दिवशी त्यानं तपासणी करून घेतली, तर त्यालाही क्षयच निघाला.

दोघांनाही गोळ्या सुरू झाल्या. सासू सावकाश उठून बसली, पण जिना चढताना तिला अजून धाप लागते. जावयाला ती एका शब्दानं बोलली नाही. उलट "गोळी घेतलीत ना?" असं रोज विचारते, आणि तेच त्याला जास्त झोंबतं.

कामावर परतल्यावर तो मावशीची माफी मागायला गेला. तिनं हातातली इस्त्री थांबवली नाही. "मला एकटीला सांगून काय होणार?" एवढंच म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कोण कुठला, कसा लपला, घरात काय झालं, सगळं. कुणी हसलं नाही. एक जण उठला आणि एकेक खिडकी उघडत गेला. मुकादमाला कुठे बघावं तेच कळेना.