पायपट्टीचं मशीन

नातवाच्या मुलीला प्रोग्रामिंग शिकवायला पहिला कॉम्प्युटर कोणता घ्यावा, यावर आमच्या जे. पी. नगरच्या घरात आठवडाभर वाद चाललाय. सगळे किमतीचं आणि कंपनीचं बोलतात. पोरीला समोर बसवून कोणी पाहिलेलं नाही.

एकोणीसशे साठच्या सुमारास आम्ही याच कानडी शहराच्या जुन्या पेठेत राहायचो. घरात रेशमी साड्यांचे माग होते. काठावर मोर कसा विणायचा हे मागाला पुठ्ठ्याच्या पट्ट्या सांगत. भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. कागदावरची नक्षी वाचून भोकं पाडणं हे डोक्याचं काम. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला त्याचं वेड होतं. मोराची मान तुटली की चुकलेली पट्टी ती शोधून द्यायची. तिने माझ्यासारखं जन्मभर कांड्यांवर रेशीम गुंडाळत, कांड्या भरत बसू नये, एवढंच मला हवं होतं.

थोरले दीर घरचे कर्ते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मुलांना शिकायला पट्ट्यांना भोकं पाडायचं मशीन घेऊ, असं त्यांनीच काढलं. त्यांचा मुलगा चौदाचा होता.

मी म्हटलं, "अण्णा, साधा हातपंच आणि लाकडी हातोडी घ्या. दोघंही शिकतील."

"दसऱ्यात आयुधपूजेला चार लोक येणार. त्यांना हातोडी दाखवू?"

"पायपट्टी दाबून चालवायच्या मशीनला हिचे पाय पोचायचे नाहीत."

"चौथी शिकलीस, आणि मशीन कळतं तुला?"

"मशीन नाही कळत. पोरीचे पाय कळतात."

जाऊबाई फिसकन हसल्या.  

मोठं मशीन आलं. झेंडू चढले, पुढ्यात कोहळा फुटला. दुसऱ्या दिवशी मुलगी बसली. पाय पायपट्टीला टेकवायला खाली घसरली की बोटं भोकं निवडायच्या खिट्ट्यांवरून सुटत. मी पायपट्टीला लाकडाचा ठोकळा बांधला. अण्णांनी तो लाथेने उडवला.

"मोडेल मशीन! स्वल्प मोठी होऊ दे, मग शिकेल."

"सरी, तसंच करू," म्हटलं मी आणि वाट पाहिली.

चार वर्षांनी ती स्टुलावर बसून ओरडली, "अण्णा, पोचले बघा!"

अण्णांनी तिच्या पुढ्यातल्या पट्ट्या उचलून आपल्या मुलाला दिल्या. "हिला शिकवायचं, आणि आपली नक्षी हिने सासरी न्यायची? कांड्या भर म्हणावं."

हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी पोरीचे पाय मोजत बसले नसते.

पुढे लग्न करून तिला आनेकल गावी दिली. तिथेही माग होते. तिथेही तिने कांड्याच भरल्या.