घरचा चमचा घेऊन या

उस्मानपुऱ्यातल्या अन्सारचाचांच्या जडीबुटीच्या दुकानात पहिल्यांदा चूर्ण घ्यायला गेलात, तर ते दोन प्रश्न विचारतात. "गोळ्या कोणत्या चालूयत?" आणि "घरी चमचा कोणताय?" दुसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. मीही हसले होते.

खरं तर मी हसायला नको होतं. वाळूजच्या एका कारखान्यात मी मोजमापाची साधनं तपासते. काटा खरं वजन दाखवतो की नाही हे पाहून त्यावर तारखेची चिठ्ठी लावणं, हेच माझं काम. पण त्या संध्याकाळी मला आईकडे जायला पाचोडची गाडी गाठायची होती. आई, आशाबाई, तापातून उठल्यापासून थकलेली होती. कुणीतरी तिला अश्वगंधा सांगितली होती.

"गोळ्या काही नाहीत," मी चाचांना म्हणाले. "चमचा साधाच."

"साधा म्हंजे? चमचा कोणताच साधा-बिधा नसतो, बेटा." त्यांनी शंभर ग्रॅमची पुडी दोऱ्यानं बांधली आणि वर लिहिलं: अर्धा छोटा चमचा, सपाट, सकाळ-संध्याकाळ. "महिनाभर पुरेल."

सातव्या दिवशी आईचा फोन आला. "श्रेया, अजून एक पुडी आण गं. लई ताकद आली. काळीज नुसतं धडधड करतंय, रातच्याला झोप नाय, हात बी थरथरतेत. औषध लागू पडलं म्हण की!"

माझ्या डोक्यात धोक्याची घंटा वाजली नाही. आई खूश होती, म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटून मी पुन्हा दुकानात गेले.

चाचांनी पुडी बांधायला घेतली आणि त्यांचा हात थांबला. "महिन्याची पुडी आठ दिवसांत? घरात शादी आहे की काय?"

मी हसत आईचं बोलणं सांगितलं. ते हसले नाहीत. पुडी सोडून त्यांनी चूर्ण परत बरणीत ओतलं.

"ती ताकद नाही, बेटा. अम्मीला आताच फोन लाव. म्हण, चूर्ण बंद. उद्या सकाळी तिला इथं आण. चमचा आण, आणि घरात गोळ्यांच्या जेवढ्या पट्ट्या असतील तेवढ्या आण."

"पण चाचा, गोळ्या—"

"तू नाही म्हणालीस. घर काय म्हणतं ते बघू."

सकाळी मी सुट्टी टाकली. आई पाचोडहून पहिल्या गाडीनं आली, दुकानातल्या स्टुलावर बसली आणि तिनं पिशवीतून पोह्याचा चमचा काढला. चाचांनी तिलाच बरणीतून भरायला सांगितलं. तिनं शीग लावून भरला. छोट्या काट्यावर आठ ग्रॅमच्या पुढे भरलं.

"दिवसातून किती बार?"

"दोनदा. अर्ध्या चमच्यानं काय व्हतंय? मांजराला पाजायचंय का?"

दिवसाला तीन ग्रॅमच्या जागी सोळा. मग तिनं पट्टी काढली. थायरॉईडची गोळी. आठ वर्षं ती रोज सकाळी उपाशीपोटी घेते. आमच्या घरात ती गोळी औषधात धरतच नाहीत. दात घासायचे, गोळी घ्यायची, चहा ठेवायचा. मला ती आठवलीसुद्धा नव्हती.

चाचांनी पट्टीवरचं नाव दोनदा वाचलं. "मी हकीम नाही. मी तोलणारा माणूस. पण इतकं ठाऊक आहे, ह्या गोळीसोबत हे डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आत्ता दवाखान्यात जा. चमचा पण दाखव."

डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त तपासलं. थायरॉईड बरंच वर गेलं होतं. "असंच चालू राहिलं असतं तर हृदयाचे ठोके बिघडले असते," ते म्हणाले. चूर्ण कायमचं बंद. अर्धा चमचासुद्धा नाही. "दुकानदारानं पाठवलं? दुसरी पुडी न विकता?" त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

पुढचे काही आठवडे आई माझ्याकडेच राहिली. या काळात मला चाचा कळले. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली, तेव्हापासून त्यांनी नाकाला फडकं बांधून दुसऱ्यांच्या दुकानात मुळ्या कुटल्या. स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा तेही "एक चमचा" असंच सांगायचे. एकदा एका बाईनं आपला चमचा म्हणून आमटीचा डाव आणला. त्या दिवसापासून हा प्रश्न सुरू झाला.

रक्ताचा अहवाल ठीक आला, तेव्हा आई पिशवीभर मोसंबी घेऊन निघाली. मी साहेबांना विचारून कारखान्यातली प्रमाणित वजनांची पेटी घेतली.

"आता काय तोलतेस?" चाचा म्हणाले.

"तुमचा काटा. तुम्ही सगळ्यांचे चमचे तपासता. तुमचा काटा कधी कुणी तपासलाय?"

"सरकारी माणूस येतो वर्षातून. चहा पिऊन शिक्का मारतो."

ही वजनं बोटांनी उचलत नाहीत. घामानंही फरक पडतो. चिमट्यानं ठेवतात. दोन ग्रॅमचं वजन हरभऱ्याएवढं असतं, हात जरा हलला की सुटतं. मी चिमटा उचलणार तोच आई म्हणाली, "आण इकडं."

तिनं ते हरभऱ्याएवढं वजन उचललं, काट्याच्या पारड्यापर्यंत नेलं आणि अलगद मधोमध ठेवलं. चाचा काट्याकडं बघतच नव्हते. ते तिच्या हाताकडं बघत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

काटाही बरोबर होता.