सायकलला मोटर बसली त्या दिवशी

माझा भाऊ अंगणात सायकल उलटी करून मागच्या चाकात मोटर बसवत होता. टेकडीवरच्या अंगणवाडीपर्यंत रोज सायकल दामटून माझे गुडघे कामातून गेले होते, म्हणून त्यानं ते किट आणलं होतं. वायरी जोडून त्यानं मूठ पिळली आणि चाक गरगर फिरलं. मला हसूच आवरेना.

ओट्यावरून नवरा म्हणाला, "बरं झालं. आता येताना दळणही आणत जा."

सासूबाई म्हणाल्या, "लवकर येशील, तर संध्याकाळचं पाणीही तूच भर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला मिळायच्या आधीच माझा विसावा वाटला गेला होता. घरात मिक्सर आला तेव्हा चटण्या वाढल्या, गॅस आला तेव्हा पाहुणे. बाईचं एक ओझं उतरलं, की मोकळी झालेली जागा कुणाला बघवतच नाही.

भावानं सायकल सरळ केली. "ताई, चक्कर मारून बघ."

मी बसले. नवरा म्हणाला, "निघालीच आहेस, तर दळणाचा डबा घे."

"डबा तुम्ही न्या," मी म्हणाले. "तुमचे गुडघे धड आहेत."

आणि जिकडे माझं काहीच काम नव्हतं, त्या रस्त्याला लागले.