म्हाताऱ्याची कॅसेट

कोरगावच्या सगुणमामांना चार माणसांत दोन शब्द बोलायला सांगितले, की ते आधी चष्मा पुसतात. मग तो पुन्हा पुसतात. तोवर दुसरं कोणीतरी बोलायला उभं राहतं. हेच मामा सव्वीस वर्षं दशावतारात राजपार्टी होते, राजाचं काम करत होते, असं सांगितलं तर नव्या माणसाला ते खरं वाटत नाही.

त्यांची बायको सुमंगला म्हणते, "तोंडाक रंग लावल्याबगर ह्यांचा तोंड उघडणा नाय. माका बघूक इल्ले, तेव्हा माझ्या बापाशीन चार गोष्टी इचारल्यान. चारांचा उत्तर एकच, 'हूं'. बापाशीक वाटला, मुको आसा."

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. नट तोंडाला रंग लावत बसलेले असतात, तेव्हा कंपनीचा मालक आजची कथा तोंडी सांगतो, की अमका राजा, तमका राक्षस, अमक्या ऋषीचा शाप. पुढची भाषणं ज्याची त्यानं उभ्याउभ्या रचायची. रंग चढला की मामांना शब्द कधी कमी पडले नाहीत. रंग उतरला की ते पुन्हा चष्मा पुसायला मोकळे.

पावसाळ्यात दशावतार बंद असतो. एकोणनव्वद सालच्या पावसाळ्यात मामांचा दोस्त जयराम याने आपल्या काजूच्या रिकाम्या गोदामात व्हिडिओ आणला. दर रविवारी दुपारी तीन वाजता खेळ. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना पोती टांगायची आणि बसायलाही पोतीच. हिंदी कॅसेटी म्हापशाच्या दुकानातून दुसरेच लोक आधी उचलून नेत. जयरामच्या वाट्याला उरत त्या चिनी मारामारीच्या. त्यातली भाषा कोणाला कळत नसे. खाली इंग्रजी अक्षरं येत म्हणे, पण कॅसेटीची कॅसेट आणि तिचीही कॅसेट करता करता ती पडद्याच्या खाली कुठेतरी कापली गेली होती.

पहिले दोन रविवार लोकांनी नुसती मारामारी बघितली. तिसऱ्या रविवारी कुरकुर सुरू झाली. "अरे, ह्यो त्येका मारता कित्याक?" मागून बायका विचारू लागल्या. जयराम वैतागला. शेवटच्या पोत्यावर अंग चोरून बसलेल्या सगुणला तो म्हणाला, "राजपार्टी मरे तू! कायतरी बोल. काळोख आसा, तुझा तोंड कोण बघता?"

काळोखाचं ऐकून सगुणला धीर आला. काळोख हाही एक रंगच. तो बोलू लागला, आणि त्या दिवसापासून तीन पावसाळे बोलत राहिला. पडद्यावर ओठ हलत चिनी, आणि गोदामात ऐकू येई दशावतारी राजाचं मराठी.

त्या चित्रपटांत होतं तरी काय? सगळे मिळून एकच डोंगर, एकच देऊळ, आणि देवळाच्या त्याच त्या पायऱ्या. पहिल्या मारामारीत मेलेला माणूस तिसऱ्या मारामारीत नवी मिशी लावून उभा. केसांच्या टोपाची कड कपाळावर सुटलेली दिसे. बुक्का गालापासून वीतभर लांबून जाई आणि 'फट्ट' असा आवाज मागाहून येई. शहरातले लोक हसले असते. कोरगावात कोणी हसलं नाही. दशावतारात तरी वेगळं काय असतं? राक्षस होऊन मेलेला नट आत जाऊन चहा पितो आणि ब्राह्मण होऊन बाहेर येतो. बघणाऱ्याने ते समजून घ्यायचं असतं.

पण त्या माणसांच्या उड्या खऱ्या होत्या. पडणं खरं होतं. दगडी पायऱ्यांवरून माणूस गडगडत खाली आला, की जयराम म्हणायचा, "हाडामासाचो आसा तो. बघ, रात्री त्येच्या बायलेन तेल चोळला आसतला." आणि नायक गरीब असे. विद्या शिकायला गेला की गुरू त्याला वर्षभर नुसतं पाणी भरायला लावी, दोन हातांत दोन घागरी आणि तीनशे पायऱ्या. ते बघताना मागच्या बायका एकदम गप्प होत. डोंगरउतारावरच्या विहिरीतून त्याही घागरीच आणत. इतकी वर्षं पाणी भरून आपल्याला कोणी विद्या दिली नाही, हे एकीने बोलून दाखवलं, तेव्हा मात्र सगळं गोदाम हसलं होतं.

त्यातल्या एका कॅसेटीचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. गावात ती 'म्हाताऱ्याची कॅसेट'. तिच्यात पांढरी दाढी, पांढऱ्या भुवया, पांढरे कपडे असा एक म्हातारा सुरुवातीलाच नायकाच्या बापाला मारतो. सगुणने त्याला बघितलं आणि क्षणाचाही विचार न करता ऋषी करून टाकलं. दशावतारात पांढरी दाढी म्हणजे ऋषी, आणि लाल तोंड, मोठ्या मिशा म्हणजे राक्षस. ह्यात शंका कसली? लाल तोंडाचा एक खाणावळवाला होता, तो झाला राक्षस. पुढे तो राक्षस नायकाला प्रेमाने भात वाढताना दिसला. सगुण म्हणाला, "कपटी राक्षसानं भातात विष कालवलं आहे!" नायकाने तो भात खाऊन वर ढेकरही दिली. सगुण डगमगला नाही. म्हणाला, "तपोबळाने पचवलं!"

पण ऋषीने नायकाच्या बापाला का मारावं? सगुणने शाप आणला. ह्या ऋषीला शाप होता, की तुझ्याच हातून तुझ्या जिवलगाचा जीव जाईल. शेवटच्या मारामारीत म्हातारा पडतो, नायक दमून त्याच्याशेजारी मान खाली घालून बसतो, आणि चित्रपट कापल्यासारखा संपतो. पडदा निळा होतो. त्या निळ्या उजेडात सगुणने म्हाताऱ्याच्या तोंडी शेवटचं भाषण घातलं: "बाळा, तुझ्या बापाला मारणारा हात माझा होता, मन माझं नव्हतं. तू मला मारलं नाहीस, सोडवलंस. आता ह्या वैराला इथंच अग्नी दे आणि घरी जा. तुझी आई जेवायची थांबली असेल."

गोदामात त्या दिवशी गौरेश होता, वीस वर्षांचा. सहा महिन्यांपूर्वी त्याचा काका सखाराम खनिजाचा ट्रक मागे घेत होता. गौरेशचे वडील मागे उभे होते. आरशात ते दिसले नाहीत. सखाराम त्या दिवसापासून धड जेवला नव्हता, पण गौरेशने त्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. एका घराचे दोन भाग झाले, अंगणात कुंपण घातलं गेलं. चवथीला ह्यांच्या घराण्याचा गणपती पिढ्यान् पिढ्या एकच, आणि देवाची खोली आता सखारामच्या भागात. त्या वर्षी गौरेश म्हणाला होता, की त्या गणपतीसमोर मी उभा राहणार नाही.

म्हाताऱ्याची कॅसेट लागली ती चवथीच्या आदल्या रविवारी. चवथीच्या दिवशी पाटावरचा गणपती सखारामच्या अंगणात आणला तो गौरेशने, डोक्यावरून. कुंपणाचे बांबू त्याच दुपारी चुलीत गेले. गौरेश कोणाला काही बोलला नाही. फक्त सगुणच्या दारावरून जाताना म्हणाला, "मामानू, त्या म्हाताऱ्याचा बरां सांगलात तुमी." त्यावर सगुण म्हणाला, "हूं."

सखाराम गेल्या मार्गशीर्षात वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. अग्नी गौरेशने दिला.

जयरामही आता नाही. त्याची मुलगी संजना गावच्या वाचनालयाचं काम बघते. बापाच्या आठवणीसाठी पुन्हा तसाच खेळ लावावा, असं तिच्या मनात आलं, त्याच गोदामात, तशीच पोती टांगून, रविवारी दुपारी तीन वाजता. शोधून शोधून तिने म्हाताऱ्याची कॅसेट मिळवली. आता ती कॅसेट नव्हती, मोबाइलमध्येच होती, चित्र स्वच्छ आणि बोलणं हिंदीत. शुक्रवारी सकाळी ती उड्या मारतच मामांच्या घरी आली.

"मामानू, बघा! आणि ह्यो तुमचो म्हातारो तर पयल्या नंबराचो हरामी निघालो!"

मामांनी चष्मा लावून बघितलं. पांढऱ्या दाढीचा म्हातारा नायकाच्या बापाला मारून खदाखदा हसला. जमिनीसाठी मारलं, असं त्याने स्वच्छ हिंदीत सांगितलं. शाप नव्हता, पश्चात्ताप तर नव्हताच. शेवटी मरतानासुद्धा तो शिव्या देत होता. लाल तोंडाचा खाणावळवाला मात्र देवमाणूस होता.

"बिचारो," सुमंगला खाणावळवाल्याकडे बघून म्हणाली. "येवडो भात वाढल्यान, आणि ह्येनी त्येका तीन वर्षां राक्षस केल्यानी."

संजना हसत हसत गेली. मामा हसले नाहीत. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी सुमंगला म्हणाली, "एक राक्षस चुकलो म्हणान इतका काय?"

"राक्षसाचा नाय," मामा म्हणाले. "गौरेशाचा."

तिला समजलं. ती शेजारी येऊन बसली. चवथीची ती दुपार तिनेही बघितली होती.

मामांच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. तो पोरगा माझ्या शब्दावर काकाच्या दारात गेला. तो शब्द खरा नव्हता. आता रविवारी सगळ्या गावासमोर तो म्हातारा हसणार, शिव्या देणार, आणि गौरेश ते बघणार. छत्तीस वर्षं ज्याच्यावर तो उभा राहिला, ते एका माणसाने काळोखात बसून रचलेलं होतं. निदान माझ्याच तोंडून त्याला ते आधी कळलं पाहिजे.

रविवारी मामा दीड वाजताच गोदामात गेले. गौरेश शिडीवर चढून पडद्याची वायर बांधत होता. आता तो छप्पन्न वर्षांचा, केस पिकलेले. खाणी बंद पडल्यापासून मांडवाचं आणि विजेचं काम करतो. मामांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग शिडीला हात लावून उभे राहिले.

"गौरेश."

"बोला, मामानू."

"तो म्हातारो वायट होतो रे. शाप-बीप काय नाय. जमिनीसाठी मारल्यान. मी... माका भाषा कळा नाय होती. दाढी बघलंय आणि सांगलंय."

गौरेशचे हात थांबले. मग तो म्हणाला, "ती दुसरी वायर जरा धरा."

मामांनी वायर धरली. गौरेशने गाठ मारली, खाली उतरला आणि शिडी खांद्यावर घेऊन मागच्या दाराने निघून गेला. मामांना वाटलं, निदान सांगून तरी झालं. मग ते शेवटच्या पोत्यावर जाऊन बसले, पूर्वीच्याच जागेवर.

तीन वाजता गोदाम भरलं. गौरेशही आला आणि दाराजवळ उभा राहिला. पोती खाली सोडली. चित्रपट सुरू झाला आणि हिंदी बोलणं ऐकू येऊ लागलं. पाच मिनिटंही झाली नसतील, तोच पुढून वत्सला ओरडली. ती पूर्वी मागच्या बायकांतली, आता गुडघ्यांमुळे खुर्चीवर पुढे बसलेली.

"गो संजना, ह्यो आवाज बंद कर! ह्यो कोण मधीच बडबडता? सगुणाक बोलांदे!"

"व्हय, व्हय! मामानू, बोला!" चहूकडून सुरू झालं.

"गुडघे गेले, तोंड नाय गेला मरे!" कोणीतरी म्हणालं.

संजनाने आवाज बंद केला. काळोखात सगळे मागे वळून बघू लागले. मामांनी चष्मा पुसायला हात नेला, पण काळोखात पुसून काय उपयोग? ते बोलू लागले. पहिले शब्द अडखळत आले, मग राजा उभा राहिला. नायक घागरी घेऊन पायऱ्या चढला, बायका गप्प झाल्या. खाणावळवाल्याने भात वाढला, तेव्हा मामा थांबले आणि म्हणाले, "हा भला माणूस आहे. ह्याच्यावर मागे अन्याय झाला होता, त्याची क्षमा असावी." गोदाम खदखदून हसलं. लोकांना वाटलं, नवीन विनोद आहे.

म्हाताऱ्याबद्दल मात्र मामा काहीच बोलले नाहीत. तो आला की गप्प, तो गेला की पुन्हा सुरू. खोटं पुन्हा सांगायचं नव्हतं. सगळ्यांसमोर खरं सांगून गौरेशला उघडं पाडायचं नव्हतं.

शेवटची मारामारी आली. म्हातारा पायऱ्यांवरून गडगडत आला, पडला. त्याचे ओठ हलत होते. नायक दमून शेजारी बसला, मान खाली. मामा बोलले नाहीत. गोदाम वाट बघत राहिलं. कोणीतरी खोकलं.

तेव्हा दाराजवळून आवाज आला, राजपार्टीचा नव्हे, साधा, थोडा घोगरा.

"बाळा, तुझ्या बापाला मारणारा हात माझा होता, मन माझं नव्हतं."

लोक वळले. गौरेश भिंतीला पाठ लावून उभा होता, पडद्याकडे बघत.

"तू मला मारलं नाहीस, सोडवलंस." एकेक शब्द तो जपून ठेवत होता, जागच्या जागी. "आता ह्या वैराला इथंच अग्नी दे आणि घरी जा."

पडदा काळा झाला. ह्यावेळी निळा उजेडही नव्हता. गौरेश पुढच्या वाक्याशी येऊन थांबला. त्याची आई जाऊन बारा वर्षं झाली होती.

"तुझी आई जेवायची थांबली असेल," मागच्या पोत्यावरून मामा म्हणाले.

मग गौरेश पुढे गेला आणि त्याने खिडकीवरचं पहिलं पोतं उतरवलं.