बैलांच्या आधीचा घास

पुरणात जायफळ पडलं की मला सिंदी गावातला तो पोळा आठवतो. शाळा सातवीतच सोडून मी कोकणातून इतक्या लांब जिनिंगमध्ये कापूस तोलायला आलो होतो, आणि मधुमेहामुळे दोन्ही वेळा जेवणाआधी काचेची सिरिंज उकळून स्वतःला इन्शुलिन टोचत होतो. ज्यांच्या घरी जेवायचो तिथे पोळ्याच्या संध्याकाळी बैलांनी पुरणपोळी खाल्ल्याशिवाय कुणी जेवत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. नेहमीच्या वेळी सुई घेऊन पाटावर बसलो. बैल काही वेशीवरच्या पोळ्याच्या तोरणाखालून परतेनात. पोळ्यांवरच्या तुपाचा वास घरभर भरलेला, आणि पोटात काही नसल्याने साखर उतरून मला दरदरून घाम फुटला, चुलीतले जाळ एकाचे दोन दिसू लागले. परक्या घरात मागायचं तरी कसं? घरमालकिणीचं लक्ष गेलं. "काऊन रे, सुई घेतली का?" मी कशीबशी मान हलवली. तिने बैलांच्या नैवेद्यातली पोळी उचलली, वर गुळाचा खडा ठेवला आणि माझ्या तोंडात कोंबली. ओसरीवरून तिचे सासरे ओरडले, "अवं सूनबाई, बैलाचा निवद हाये तो!" "बैल थांबतीन, मामंजी. याची सुई नाई थांबत," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली, "खाय बापा. उद्यापासून आधी ताट समोर, मंग सुई." थोड्या वेळाने जाळ पुन्हा एकच दिसू लागला. घुंगरं वाजवत बैल आले, तेव्हा म्हातारबुवा त्यांच्यापुढे ताट धरून म्हणाले, "एक पोळी तुमच्या भावानं खाल्ली बरं का!" आज इतक्या वर्षांच्या मधुमेहाने पाय बधिर झालेत, चप्पल निसटलेली मला कळत नाही, साखर मनाला येईल तशी चढते-उतरते, पण ताट समोर आल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही, आणि पोळ्याला घरी पुजलेल्या मातीच्या बैलांआधी पहिली पोळी हक्काने खातो.