चाक घरान, नट खिशान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. प्रकाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला नाही, मुलीला नाही, करंजा गावातल्या आमच्या माणसांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मध्येच "जाऊ दे गं, होतं असं" म्हणू शकणार नाही म्हणून. ते वाक्य मला नकोय.

गोष्ट एका ट्रेलरची आहे. पनवेलमध्ये ट्रेलर म्हटलं की न्हावा शेवा बंदराचे कंटेनर वाहणारं, रस्ता अडवून उभं राहणारं ते लांबलचक धूड डोळ्यांपुढे येतं. बाबा आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले आणि "माजा ट्रेलर ठेवाया जागा हाय का?" असं त्यांनी सेक्रेटरींना विचारलं, तेव्हा त्या बिचाऱ्यांनी आठवडाभर त्यांना ट्रान्सपोर्टवाले शेठ समजून नमस्कार घातले. मग ट्रेलर आला. दोन चाकं, लोखंडी अँगलचा सांगाडा, पुढे टेम्पोला जोडायचा दांडा. होडी चढवून न्यायची गाडी ती. जासईच्या एका वेल्डरसमोर दोन दिवस बसून बाबांनी करून घेतलेली. नमस्कार बंद झाले.

आम्ही खाडीकाठचे कोळी. खाडीत भराव पडला, होडी लावायला पाणीच उरलं नाही, तेव्हा बाबांनी ह्याच ट्रेलरवर ती चढवली आणि करंज्याला माझ्या चुलतभावाच्या, नारायणच्या अंगणात नेऊन ठेवली. आई गेल्यावर ते माझ्याकडे नवीन पनवेलला आले. होडीची डागडुजी चालू होती. नारळी पुनव झाली की ती पाण्यात घालायची, हे ठरलेलं. सत्तरी उलटली होती त्यांची, पण ठरलं म्हणजे ठरलं. ट्रेलर मात्र त्यांनी करंज्याला ठेवला नाही. तिथे बंदरावरून दोघांचे ट्रेलर चोरीला गेले होते, थेट भंगारात. "तुज्या बिल्डिंगला भिंत हाय," ते मला म्हणाले. "तुज्याकडं कोन चोरनार?"

भिंत असली तरी त्यांचा स्वतःचा बंदोबस्त होताच. कुलूप तुटतं, साखळी कापतात, पण चाकच नसेल तर ट्रेलर ओढून नेणार कसा? म्हणून रोज संध्याकाळी ते खाली जात, जॅक लावत, पान्याने एका चाकाचे चार नट काढत आणि चाक खांद्यावर घेऊन लिफ्टने वर येत. चाक त्यांच्या खाटेखाली, वर्तमानपत्रावर. नट शर्टाच्या खिशात. उद्या कुणी घरातून चाक पळवलं, तरी नटांवाचून बसवेल कसं? सकाळी पाण्याच्या टँकरला वाट द्यायला ट्रेलर ढकलावा लागायचा, तेव्हा चाक पुन्हा खाली जायचं. "चाक घरान, नट खिशान," असं म्हणतच ते रात्री पानावर बसत. मी ते रोज ऐकत होते. हे लक्षात ठेवा, कारण मला ते ऐन वेळी आठवलं नाही.

मला त्या ट्रेलरची लाज वाटत होती. सोसायटीची तक्रार होती, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण खरं विचाराल तर सेक्रेटरी एकदाच काय ते बोलले होते, तेही हसत. प्रकाशची काही हरकत नव्हती. आमच्याकडे गाडी नव्हती, पार्किंगची जागा रिकामीच होती. मग मला काय खुपत होतं? बाबा खुपत होते. गुडघ्यावर धोतर खोचून, उघड्या अंगाने ट्रेलरला ग्रीस लावत बसलेले बाबा, येणाऱ्याजाणाऱ्याला "जेवलास का रं?" विचारणारे. मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. 'हाय' आणि 'नाय' मी माझ्या बोलण्यातून वीस वर्षं वेचून वेचून काढले होते, तांदळातले खडे काढावेत तसे. आणि हे खाली बसून ते सगळ्या बिल्डिंगला ऐकवत होते.

संक्रांतीनंतर मी ऑफिसातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. बाबांनीच त्यांना खाली लिफ्ट दाखवली, ग्रीसच्या हातांनी. वर आल्यावर एकीने विचारलं, ते खाली कोण? मी म्हणाले, "बिल्डिंगचं बघतात." किती सहज म्हणाले मी! त्या संध्याकाळी बायका जाईपर्यंत बाबा चाक घेऊन वर आले नाहीत. खाली ट्रेलरच्या दांड्यावर बसून राहिले. मी बोलवायला गेले नाही.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. ही मी एकवेळ प्रकाशला सांगू शकले असते. पुढचं नाही.

मे महिन्यात नारायणच्या मुलीचं लग्न होतं. हळदीसाठी बाबा दोन दिवस आधीच करंज्याला निघाले. मी लग्नाच्या दिवशी जाणार होते. ते दुपारी गेले. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भंगारवाल्याला बोलावलं. तो टेम्पो आणि दोन माणसं घेऊन आला. चाक नसलेला ट्रेलर कुणी ओढून नेत नाही हे खरं, पण तिघांनी मिळून तो उचलला आणि टेम्पोत टाकला. भंगारवाल्याने विचारलं, याचं दुसरं चाक? मी वर गेले. खाटेखालून चाक ओढलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि स्वतः खाली आणून दिलं. समोरच्या पंक्चरच्या दुकानातून इक्बालभाई बघत होते. "रिपेअरला देतेय," मी त्यांना म्हणाले. मग खाटेखालची फरशी पुसून काढली. हाताचं ग्रीस मात्र दोन दिवस निघालं नाही.

लग्नात मी बाबांना सांगितलं, ट्रेलर चोरीला गेला. दुपारी मी ऑफिसात असताना गेला. एवढंच मी ठरवून ठेवलं होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आम्ही घरी आलो. घरात शिरल्या शिरल्या बाबा वाकले आणि त्यांनी खाटेखाली पाहिलं.

चाकाचं मी काय ते ठरवलंच नव्हतं हो! ट्रेलर चोरांनी नेला, मग घरातलं चाक कुणी नेलं?

ते वाकलेलेच होते. तशीच मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "तुम्ही चाक काढलंच नव्हतं, बाबा. घाईत होता तुम्ही. विसरलात."

आमच्यात बापाला 'तू'च म्हणतात. मीही जन्मभर 'तू'च म्हणत आले. आता लिहिताना 'ते' लिहितेय, ती लिहिण्याची रीत. पण त्या दिवशी तोंडातून 'तुम्ही' आलं. खोटं बोलायला मला माझी भाषा पुरली नाही की काय, कोण जाणे.

बाबा हळूहळू उभे राहिले. त्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, छातीत दुखतंय. मी पाणी आणायला धावले. ते पाणी प्यायले, ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आसंल, बाय. ईसरलो आसन."

मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लपवत नाही. त्या रात्री मी छान झोपले.

पुढचे दिवस मी इक्बालभाईंना घाबरून होते. बाबांची रोज सकाळची बैठक त्यांच्या दुकानात. एक शब्द निघाला असता की संपलं होतं. पण बाबांनी तिथे जाणंच सोडलं. रस्त्यापलीकडून हात करायचे आणि पुढे जायचे. ज्या माणसाने हरवलेल्या पान्यासाठी अख्ख्या गल्लीला विचारलं असतं, त्याने ट्रेलरबद्दल एका माणसाला विचारलं नाही. मला हे विचित्र वाटायला नको होतं का? मला फक्त बरं वाटलं.

पुनव जवळ आली तेव्हा नारायण आला. म्हणाला, ट्रेलर कुणाचा तरी मागून आणू, होडी पाण्यात घालू. बाबांचे डोळे चमकले, मी पाहिलं. मग नारायणच अडखळला. "पन काका, तू आता ईसरतस. चाकाचं ठीक हाय. दर्यान काय ईसरलास तं?" प्रकाशनेही मान हलवली, काळजीपोटी. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी मी, शेवटचा शब्द माझा. तिथे मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की ते विसरत नाहीत. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. आतून मला बाबांचा आवाज ऐकू आला, "खरा हाय तुजा. ईसरतो मी." त्याच बैठकीत त्यांनी होडी नारायणला देऊन टाकली. त्यानंतर ते पाण्यावर गेले नाहीत.

मग घरातही सगळं तसंच होत गेलं. गॅस बंद केला का ते मी दोनदा बघायचे, त्यांच्यासमोर. गोळ्या मी मोजून द्यायचे. ते हात पुढे करायचे. एकाच गोष्टीवरून मी चिडायचे, त्यांच्या शर्टाच्या खिशाला तेलाचा डाग पडायचा. गोल, काळपट, कितीही घासला तरी न जाणारा. कसला हो हा डाग, मी विचारायचे, तोवर 'तुम्ही'ची सवयच लागली होती. "डोक्याचं तेल गलतं," ते म्हणायचे. शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसा मात्र स्वतः रिकामा करायचे. मी तो डाग दहा महिने साबण लावून घासला.

शिमगा झाला आणि त्यांना छातीत कळ आली. खरीखुरी, या वेळी. दवाखान्यात नेलं. एकच रात्र होते, पहाटे गेले. सकाळी नर्सबाईंनी त्यांचे कपडे एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. पिशवी एवढी जड का, म्हणून मी शर्ट बाहेर काढला. खिशात चिंधीची पुरचुंडी होती. चिंधी तेलात भिजलेली. आत चार नट, चकचकीत, एकालाही गंज नाही.

समजलं तुम्हाला? चाक ट्रेलरला असतं तर नट चाकावर असते. ते त्यांच्या खिशात होते. हळदीला जाताना होते, मी "विसरलात" म्हणाले तेव्हा होते, त्यांच्या हाताखाली. म्हणजे त्याच क्षणी त्यांना कळलं होतं. चाक आपण काढलं होतं, आणि ज्या घरात ते ठेवलं त्या घरात आपल्यामागे कोण कोण होतं. नारायण समोर बसून "तू ईसरतस" म्हणत होता, तेव्हा त्यांनी फक्त खिशात हात घालायचा होता. चार नट काढून टीपॉयवर ठेवायचे होते. होडी मिळाली असती, दर्या मिळाला असता. मी उघडी पडले असते. त्यांनी हात घातला नाही. इक्बालभाईंच्या दुकानात ते का गेले नाहीत, तेही मला दवाखान्याच्या त्या बाकावर कळलं. त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

मग तरी मी बोलले असेन? दहाव्याला करंज्याची सगळी माणसं होती. नारायण रडत म्हणाला, चाक विसरले तेव्हापासून काका खचले. पुरचुंडी माझ्या पर्समध्ये होती. मी म्हणाले, "हो ना."

आता त्याला चार वर्षं झाली. आमच्या माणसांत त्या गोष्टीची गंमत झालीय, प्रेमानेच. विसरण्याला आता 'काकाचं चाक' म्हणतात. नारायण होडी पाण्यात घालताना पोरांना ओरडतो, "डिझेल बगा रं, काकाचा चाक करू नका!" सगळे हसतात. परवा माझी मुलगी किल्ली घरात ठेवून बाहेर आली. कपाळावर हात मारून म्हणाली, "आई, मी पण आजोबांचं चाक केलं." मी हसले. दर वेळी हसते.

नट माझ्या कपाटात आहेत. त्यांना मी तेल लावत नाही. लावायचा हक्क नाही असं वाटतं. दोन गंजायला लागलेत.

तर जे झालं ते असं आहे. नारायणच्या मुलीच्या हळदीला निघण्याआधी, भर दुपारी, बाबा जॅक घेऊन खाली गेले. त्यांनी चाक काढलं. वर आणून खाटेखाली ठेवलं. चारही नट खिशात घातले आणि मगच ते निघाले. माझे वडील काही विसरले नव्हते.